नर्सिंगचे कर्ज आणि सोळा हजारांचा पगार

आरोग्याच्या पानावर कर्जाचा हिशेब कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या नर्सिंगच्या मुली हल्ली आजाराबद्दल कमी आणि हप्त्याबद्दल जास्त बोलतात. ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी, मंगळवार पेठ इथल्या आपल्या वस्त्यांतल्या या मुली. काही मराठवाड्यातून, विदर्भातून शिकायला पुण्यात आलेल्या आणि इथेच नोकरीला लागलेल्या. वय बावीस-तेवीस. झोप लागत नाही, पित्त वाढले आहे, पाळी मागेपुढे होते, डोके ठणकते. तपासण्या केल्या तर मोठा आजार निघत नाही. निघते ते असे : महिन्यातून आठ-दहा डबल ड्युट्या, एक वेळचा डबा बंद, आणि पाच तारीख जवळ आली की पोटात उठणारा गोळा. पाच तारखेला बँकेचा हप्ता कापला जातो.

मी स्वतः जीएनएम. बरीच वर्षे वॉर्डात काढून मग चळवळीच्या कामात आले. त्यामुळे या विषयावर माझे म्हणणे सरळ आहे. या मुली उधळ्या आहेत, त्यांना पैसा सांभाळता येत नाही, मोबाईलवर खर्च करतात, हे जे घरोघरी बोलले जाते ते खोटे आहे. त्यांचे कर्ज जड आहे कारण पगार कमी आहे. हप्ता नीट सांभाळण्याचे काही मार्ग आहेत आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण काटकसरीचा उपदेश करून आपण मोकळे झालो, तर रुग्णालयाने न दिलेला पगार आपण मुलीच्या पोटातून वसूल करतो, एवढाच त्याचा अर्थ होईल.

आधी आकडे पाहू

जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. खासगी कॉलेजची फी, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, क्लिनिकलला जाण्या-येण्याचा खर्च धरून चार लाखांचे कर्ज झाले असे समजू. व्याज हिशेबाला सोपे म्हणून दहा टक्के धरू. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाही. घरच्यांना वाटते, तोवर कर्ज झोपलेले आहे. ते झोपलेले नसते. दरवर्षी सारखी रक्कम उचलली असे धरले तर चौथ्या वर्षाच्या शेवटी त्यावर सरळव्याजाने १ लाख २० हजार रुपये चढलेले असतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज चार लाखांचे राहिलेले नसते, ते ५ लाख २० हजार झालेले असते.

आता त्याचे हप्ते पाहा. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,६०० रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे ६,९००. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ५,६००, पण तेव्हा बँकेला एकूण दहा लाखांच्या वर पैसे जातात.

पुण्यातल्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात नव्या मुलीला किती मिळतात? मला भेटणाऱ्या मुली पंधरा, सोळा, फार तर अठरा हजार सांगतात. सोळा हजार धरा. पीएफ आणि ईएसआय कापून हातात साधारण साडेचौदा हजार येतात. सर्वांत लहान, म्हणजे पंधरा वर्षांचा हप्ता घेतला तरी उरतात ८,९००. कॉट बेसिसवर खोलीला चार हजार, मेसला तीन हजार. राहिलेल्या एकोणीसशे रुपयांत बस, फोन, साबण, पॅड, औषधपाणी आणि गावाकडे पाठवायचे पैसे. यात उधळायला जागा कुठे आहे?

हीच मुलगी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागली, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिचे मूळ वेतनच ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. मग तोच ५,६०० चा हप्ता तिला झेपतो. मुलगी, शिक्षण आणि काम तेच राहते, बदलतो तो फक्त पगार. कर्जाचा आजार कुठून येतो, हे यावरून कळावे.

बाबासाहेबांचे कर्ज आपण सांगत नाही

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या लेकरांना तोंडपाठ असते. त्या पदव्यांमागचा करार आणि कर्ज मात्र आपण जयंतीच्या भाषणातून गाळतो. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेव्हा शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. आजच्या भाषेत तो बाँडच. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना आणि नोकरी सोडून परतावे लागले. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला शिकायला गेले.

म्हणून शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाची लाज वाटून घेऊ नका. ते जुगाराचे कर्ज नाही, मानपानाचे नाही. पण या गोष्टीतली दुसरी बाजूही पाहा. त्यांच्या कर्जाला पगारातली बचत, राजाची मदत आणि विश्वासाचा मित्र यांची साथ होती. आपण मुलींना फक्त ‘शिका’ म्हणतो आणि फेडायला एकटीला सोडतो.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख आहे, कुणाचे काही देणे नसल्याचे सुख. धम्माने ऋणमुक्तीला इतके महत्त्व दिले आहे, तर तो विहारात बोलण्याचा विषय व्हायला हवा.

मुळात कर्ज लहान कसे राहील

ज्यांच्या घरी मुलगी बारावीला आहे त्यांनी हा भाग कापून ठेवावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ती मिळते, त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत, ज्याला आपण फ्रीशिप म्हणतो, ती मागता येते. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

यात तीन ठिकाणी आपली माणसे अडकतात. पहिले, प्रवेश. सरकारी प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच ही सवलत आहे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की सगळा भार स्वतःवर. कुणी एजंट ‘सीट पक्की करतो’ म्हणाला तर समजा, तो शिष्यवृत्ती घालवायला आला आहे. दुसरे, जात पडताळणी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद शोधायला महिने जातात. हे काम दहावी झाल्यावरच सुरू करा. तिसरे, पैसे खात्यात आल्यावर. २०२१ पासून शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थिनीच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, पैसे छपराला किंवा दवाखान्याला लागतात, आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज थकबाकी दाखवते. मग ती भरायला सावकाराकडे जावे लागते. हे पैसे घरचे नाहीत, कॉलेजचे आहेत, हे आई-वडिलांनी त्याच दिवशी मनात पक्के करावे.

बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. तीन वर्षांचे झाले १ लाख ८० हजार. वरच्या उदाहरणातले जवळपास निम्मे कर्ज इथेच वाचते. हप्ते उशिरा जमा होतात हे खरे, पण अर्जच न केल्यास काहीच मिळत नाही.

एवढे करूनही कर्ज लागलेच, तर ते बँकेचेच घ्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या पुण्यातल्या जिल्हा कार्यालयातही शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. आणि बँकेत पहिल्याच दिवशी विचारा : केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत माझे कर्ज बसते का? आई-वडिलांचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर अशा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षणाच्या काळातले आणि त्यापुढच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. नर्सिंगसाठी संस्था नर्सिंग कौन्सिलची मान्यताप्राप्त हवी. अनुदानाची मागणी बँकेने करायची असते, आपण फक्त उत्पन्नाचा दाखला वेळेवर देऊन पाठपुरावा करायचा. हिशेबात दाखवलेले १ लाख २० हजार ते हेच. एक दाखला न दिल्यामुळे ते मुलीच्या डोक्यावर बसतात.

हप्ता सुरू झाल्यावर

ज्यांचे शिक्षण झाले आहे, त्या मुलींसाठी आता थेट सांगते.

रुग्णाचा चार्ट आपण कसा लिहितो, तसा कर्जाचा लिहा. एका कागदावर सगळी देणी : बँक, पतसंस्था, आईच्या नावावर काढलेले गटाचे कर्ज, सावकार, मामांचे उसने. प्रत्येकापुढे मुद्दल, व्याज, हप्त्याची तारीख, जामीन कोण आणि काय गहाण आहे ते लिहा. व्याज नेहमी वर्षाचे करून लिहा. ‘शेकडा पाच’ ऐकायला लहान वाटते, पण ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाचे साठ टक्के. बँकेचे दहा आणि सावकाराचे साठ, हे शेजारी शेजारी लिहिले की आधी कोणाला संपवायचे ते कुणी सांगावे लागत नाही. बाकी सगळ्यांचा ठरलेला हप्ता चालू ठेवायचा आणि जास्तीचा प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जावर टाकायचा.

शिक्षणानंतरचे बिनहप्त्याचे वर्ष फुकट घालवू नका. चार लाखांवर महिन्याला साधारण ३,३०० रुपये व्याज चढत असते. तेवढे शक्य नसेल तर हजार-दीड हजार तरी भरा. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक कर्ज लवकर फेडले म्हणून बँक दंड लावू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला मुदत लांब घ्या, हप्ता लहान ठेवा, आणि पगार वाढला की जास्तीचे भरून मुदत स्वतःच कमी करा. आखूड मुदतीचा मोठा हप्ता घेऊन दोन महिने चुकवण्यापेक्षा हे बरे.

हप्ता झेपत नसेल तर बँकेपासून तोंड लपवू नका. चुकलेला हप्ता तुमच्याबरोबर सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या नावावरही चढतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे, सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ता लावण्याची सोय आहे, आणि नोकरी नसल्यास किंवा अपुऱ्या पगाराची नोकरी असल्यास कर्जाच्या काळात दोन-तीनदा हप्ता थांबवण्याचीही तरतूद आहे. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही. पगारपत्रक जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी क्रमांक १४४४८ आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नाईट करून झोपलेल्या मुलीला धमकावणे तर कोणत्याच नियमात बसत नाही.

सावकारीबद्दल महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची. एकट्याने जाऊ नका, चार जणी मिळून जा. गटाच्या कर्जालाही मर्यादा आहे. मायक्रोफायनान्सच्या नियमानुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरी चौथा ‘फायनान्सवाला’ आला, तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा.

पगारपत्रक दरमहा मागा आणि वाचा. महाराष्ट्रात २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. तो कापला जात असेल तर विचारा. पीएफ कापला पण भरला का, हे मोबाईलवर पाहा. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचे कार्ड काढून घ्या. त्यात तुमच्याबरोबर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्याही उपचारांची सोय होते. आपल्या घरांत नवे कर्ज बहुतेक वेळा आजारपणातून येते, म्हणून हे कार्ड हप्त्याइतकेच महत्त्वाचे.

आणि एक इशारा. कर्ज फेडायला परदेशी जाण्यासाठी दुसरे मोठे कर्ज काढू नका. सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावरचा कर, एवढेच घेता येतात. तीन-चार लाख मागणारा तुमचे कर्ज फेडणार नाही, दुप्पट करील.

डबल ड्युटी म्हणजे शरीरावरचे सावकारी कर्ज

आरोग्याच्या पानाचा मुख्य मुद्दा हा आहे. हप्ता भरायचा सोपा मार्ग म्हणून मुली डबल ड्युटी घेतात. एका जास्तीच्या ड्युटीचे पाचशे-सातशे रुपये मिळतात असे मुली सांगतात. नाईट करून सकाळची ड्युटी, किंवा एका ठिकाणची ड्युटी संपवून दुसरीकडे नाईट. सोळा तास उभे राहिल्यावर हात थरथरतो, औषधाचा डोस मोजताना आकडा पुढेमागे होतो, सुई टोचते. चूक झाली तर चौकशी मुलीची होते, ड्युटी लावणाऱ्याची होत नाही.

म्हणून काही गोष्टी हप्त्यासाठीही सोडू नका. सलग दुसरी ड्युटी आठवड्यातून एकदाच्या वर घेऊ नका, आणि नाईटनंतर तर कधीच नको. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, पूर्ण झाले आहेत का ते पाहा. नसतील तर रुग्णालयाकडे मागा. सुई टोचली तर घाबरून लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, लगेच इनचार्जना सांगा, लेखी नोंद करून घ्या. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, आणि बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. डबा बंद करून पैसे वाचवू नका. आपल्या मुलींत रक्त कमी असण्याचे प्रमाण आधीच मोठे आहे, त्यात उपाशी नाईट म्हणजे चक्कर येऊन पडणे.

झोप उडाली, रडू येते, जगणे नको वाटते, असे झाले तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. ही सोय आपण रुग्णांना सांगतो. स्वतःसाठी वापरायला लाजू नका. आणि ज्या आई-वडिलांच्या लक्षात येते की मुलगी गप्प गप्प झाली आहे, त्यांनी आधी हप्त्याची वही उघडावी, रागावू नये.

मूळ कागद परत मागा

काही रुग्णालये नोकरी देताना मूळ गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घेतात, वर दोन वर्षांचा बाँड. मुलीला दुसरीकडे पाच हजार जास्त मिळत असले तरी जाता येत नाही, आणि कर्ज तिथेच अडते. प्रमाणपत्र ही काही सोन्याची बांगडी नाही, गहाण ठेवायला. पडताळणीसाठी मूळ दाखवा आणि साक्षांकित प्रत द्या. आधीच दिले असेल तर परत मागणारा लेखी अर्ज द्या. बाँडमध्ये लिहिलेली रक्कम डोळे झाकून भरायची नसते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मागता येते, तीही बाँडमध्ये लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. सही करण्याआधी कागद कुणाला तरी वाचायला द्या. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

वीस हजारांची रेघ

आता मुख्य मागणीकडे येते. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले. त्याच वर्षी समितीने शिफारशी दिल्या. दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार. शंभर ते दोनशे खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटा असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान दवाखान्यातही वीस हजारांपेक्षा कमी नाही. रजा, कामाचे तास, वाहतूक, औषधोपचार या सोयीही सरकारी परिचारिकांप्रमाणे.

हे लक्षात घ्या : वीस हजार ही २०१६ मधली, सर्वांत लहान दवाखान्यासाठीची रेघ होती. शंभर-दीडशे खाटांच्या रुग्णालयात आज सोळा हजारांवर उभी असलेली मुलगी या रेघेच्याही खाली आहे. साधे मूळ वेतन धरले तरी पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात तिला साडेसव्वीस हजार मिळायला हवेत. शिफारशी अमलात आणायचे काम राज्यांवर सोपवले गेले. केरळमध्ये परिचारिका संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी किमान वीस हजारांची अधिसूचना काढली. त्या मुलींना ते दयेने मिळाले नाही.

रुग्णालयवाले म्हणतात, परवडत नाही. लहान दवाखान्यांची अडचण मी समजू शकते. समितीनेही ती समजूनच खाटांप्रमाणे वेगवेगळे टप्पे केले. पण अतिदक्षता विभागाचे एका दिवसाचे बिल ज्या रुग्णालयात मुलीच्या महिन्याच्या पगाराएवढे होते, त्यांनी हे कारण सांगू नये. आणि आपल्याच सरकारनेही आरसा पाहावा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिकेला वीस हजारांवर ठेवायचे आणि खासगी मालकाला बोट दाखवायचे, हे चालणार नाही.

घर, लग्न आणि विहार

शेवटी आपल्या घरातले बोलू. मुलगी कमावती झाली की तिच्या पगारावर आणखी चार हक्क निघतात : भावाची गाडी, बहिणीचे लग्न, घराची पुढची खोली. ती नाही म्हणत नाही. निदान शैक्षणिक कर्ज निम्मे होईपर्यंत तिच्या नावावर दुसरा कोणताही हप्ता काढू नका, जामीन म्हणून तिची सही घेऊ नका.

लग्न ठरवताना कर्ज लपवले जाते. मग लग्नानंतर पगार सासरी आणि हप्त्याचे फोन माहेरी, अशी ओढाताण सुरू होते, आणि दोन्हीकडे मुलगीच दोषी ठरते. नर्स मुलगी हवी असे म्हणणाऱ्या घरांनी हेही समजून घ्यावे की पगार आणि कर्ज एकाच शिक्षणाचे आहेत, एक घ्यायचे आणि दुसरे नाकारायचे असे होत नाही. बैठकीत कागद समोर ठेवा, हप्ता कोण भरणार ते बोला. आपला मंगलपरिणय साधा असतो असे आपण अभिमानाने सांगतो. मग हॉल, बँड आणि आहेरावर जाणारे लाख-दोन लाख कर्जाच्या खात्यात का भरू नयेत?

विहारांनीही काही करावे. महिन्यातला एक रविवार ठरवून, वंदनेनंतर तासभर, एक टेबल लावा. आपल्या समाजात बँकेतून, समाजकल्याण खात्यातून निवृत्त झालेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांनी बसावे. महाडीबीटीचे अर्ज, पडताळणीचे पुरावे, बँकेला द्यायचे पत्र, बाँडचे कागद, हे तिथे पाहिले जावे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळा काढला तर नव्याने नोकरीला लागणाऱ्या दोन-तीन मुलींची खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याची मेस बिनव्याजी देता येईल. पुष्कळ मुली सावकाराकडे पहिल्यांदा जातात त्या याच महिन्यात, कारण पगार तीस दिवसांनी येतो आणि खोलीवाला आधी मागतो.

आणि संघटना. पुण्यातल्या खासगी रुग्णालयांतल्या आपल्या मुली शेकड्यांनी आहेत, पण विखुरलेल्या. प्रत्येकीने आपले पगारपत्रक आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या एका कागदावर लिहून आपल्या जवळच्या विहारात द्यावी, नाव लिहू नये. असे कागद जमले की कामगार आयुक्तांकडे आणि आमदारांकडे जाताना आपल्या हातात तक्रारीऐवजी पुरावा असेल. मागणी एकच ठेवू : समितीच्या शिफारशींना महाराष्ट्रात कायद्याचे बळ द्या. तोवर हप्त्याची वही नीट ठेवा, डबा बंद करू नका, आणि एकटीने झुरू नका.

जयभीम.